दुखत नसताना रोज गोळी कशाला?

मागच्या श्रावणातली गोष्ट. दुपारी अडीच-तीनची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. तासगावकडची एक बाई चिठ्ठी घेऊन आली. बेदाणा निवडायला जाते, तोंडओळखीची आहे. मी गोळ्यांचं पान तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि परत माझ्याकडं सरकवलं.

"ताई, ही फिटची गोळी हाय. आमच्या पुतण्याला हीच चालू हाय, रंग वळखतो की आमी. माझं डोकं दुखतंय, मला फिट कवा आलती?"

सांगलीत माझं मेडिकल आहे, वीसेक वर्षं झाली. अर्धशिशीच्या चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा असाच काहीतरी प्रश्न असतो. कुणी म्हणतं, मला बीपी नाही, मग बीपीची गोळी का लिहिली? कुणी शेजारी कुणी उभं नाही ना हे बघून आवाज खाली आणतं आणि विचारतं, ही मनाच्या आजाराची आहे का हो? सगळ्यांत जास्त लोक मात्र वेगळंच विचारतात. आज दुखतच नाही, मग आज गोळी कशाला?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की बाकीच्यांची गाठ आपोआप सुटते, म्हणून तिथूनच सुरुवात करू. मला स्वतःला कॉलेजपासून अर्धशिशी आहे आणि दोन वर्षं मीही अशी रोजची गोळी घेतली आहे, त्यामुळं काउंटरच्या दोन्ही बाजूंचं थोडंफार ठाऊक आहे.

## पित्त नव्हे, अर्धशिशी

आपल्याकडं डोकेदुखीला पहिलं नाव मिळतं ते पित्ताचं. "पित्त खवळलं, उलटी झाली, पित्त पडलं आणि बरं वाटलं." यातला शेवटचा भाग खोटा नाही, उलटीनंतर खरंच अनेकांना उतार पडतो. पण मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग आहे, तिचं कारण नव्हे. झटक्यात जठराचं काम मंदावतं, खाल्लेलं पुढं सरकत नाही. उशिरा घेतलेली वेदनेची गोळी लागू पडत नाही त्याचं हेही एक कारण. गोळी पोटातच पडून राहते.

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हा मेंदूच्या कामकाजाचा आजार आहे. वर्णन फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांमध्ये 'अर्धावभेदक' आहे आणि सूर्याबरोबर चढणाऱ्या दुखण्याला 'सूर्यावर्त' असं नाव आहे. आजच्या व्याख्येत झटका 4 तासांपासून 72 तासांपर्यंत चालतो. दुखणं बऱ्याचदा एका बाजूला, ठणका मारणारं, जिना चढलं की वाढणारं. उजेड आणि आवाज सोसत नाही, वासही सोसत नाही. हळदीच्या सौद्याच्या दिवसांत मार्केट यार्डावरून जाताना मी रिक्षाला पडदा असला तरी नाक पदराखाली धरायचे. बाकीच्यांना तो वास लक्ष्मीचा वाटतो.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी चमचमत्या रेषा दिसतात, एखादा हात बधिर होतो. त्याला 'ऑरा' म्हणतात. मेंदूच्या वरच्या थरात एक लाट मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर अशा गोगलगायीच्या चालीनं सरकते आणि तिच्या मागं तो भाग थोडा वेळ गप्प होतो. उसाच्या सरीतून पाटाचं पाणी सरकतं ना, तसं. त्यानंतर किंवा त्याविनाच चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना वाहणारी मोठी नस जागी होते आणि तिच्या टोकांतून काही रसायनं बाहेर पडतात. त्यातल्या एकाचं नाव लक्षात ठेवा: सीजीआरपी. ते पुढं परत भेटणार आहे.

आणि हा आजार विरळा नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बेंगळुरू शहरात आणि आसपासच्या खेड्यांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन झालेल्या प्रौढांचं प्रमाण 25 टक्के निघालं. चारांत एक. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे प्रमाण दुप्पट ते तिप्पट असतं. "कामाच्या वेळीच हिचं डोकं बरं दुखतं" हे वाक्य ज्या घरांत ऐकू येतं तिथं हा आकडा कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावा.

## पुलाजवळ किती फूट?

आता मुख्य मुद्दा. पावसाळ्यात सांगलीत माणूस माणसाला भेटला की एकच प्रश्न असतो: आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ, पातळी किती? 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. माझ्या दुकानातली औषधं आम्ही माळ्यावर चढवली आणि तरी खालचे दोन कप्पे गेलेच.

पूर नुसत्या पावसानं येत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोयना धरण 105 टीएमसीचं. ते आधीच काठोकाठ भरलेलं असेल आणि वरून मोठा पाऊस झाला, तर पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो आणि खाली पातळी चढते. तोच पाऊस धरणात जागा असताना झाला तर धरण तो पोटात घेतं, पुलाजवळ फारसं काही कळतही नाही. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद इथं काढत नाही. त्याला वेगळा लेख लागेल आणि वेगळी भांडणं.)

अर्धशिशीच्या माणसाचा मेंदू हा असा आधीच बराच भरलेला जलाशय समजा. ही भरलेली स्थिती बऱ्याच अंशी जन्मतः येते. आईची अर्धशिशी मुलीकडं येते ती अशी. वरून पडणारा पाऊस म्हणजे उन्हातली लग्नं, जागरण, चुकलेलं जेवण, पाळीच्या आधीचे दोन दिवस, मनावरचा ताण. ज्याच्या धरणात जागा आहे त्याला हे सगळं सोसतं. "आम्हीपण एकादशी करतो, आमचं नाही दुखत" असं म्हणणारी जाऊबाई खोटं बोलत नसते, तिची पातळी मुळातच खाली असते.

रोज घ्यायची गोळी दुखणं थांबवत नाही. ती धरणातली पातळी खाली ठेवते. म्हणून ती दुखत नसतानाच घ्यायची. पूर आल्यावर विसर्गाचं नियोजन करून उपयोग नसतो, तेव्हा होड्या लागतात. आणि होड्या म्हणजे वेदनेच्या गोळ्या.

उपमेला मर्यादा आहेत. मेंदूत काही साठत नाही, तिथं उत्तेजित होण्याचा उंबरा खाली-वर होतो इतकंच. पण नियम तेच राहतात. जलाशय एका दिवसात रिकामा होत नाही, म्हणून गोळीचा गुण यायला आठवडे लागतात. आणि 2019 सारखा पाऊस झाला तर गोळी चालू असतानाही झटका येऊ शकतो. एक झटका आला म्हणून गोळी फेल गेली असं नाही.

## होड्यांचा सुकाळ

इथं मला माझ्याच धंद्याबद्दल बोलायला पाहिजे. "डोकं दुखतंय, एक गोळी द्या" असं म्हणणाऱ्याला आम्ही गोळी देतो. सगळे मेडिकलवाले देतात, मीही वर्षानुवर्षं दिली. महिन्यातून एकदा आलेल्याला त्यानं काही होत नाही. पण तोच माणूस आठवड्यातून तीनदा यायला लागला की त्याचं दुखणं गोळीच वाढवायला लागते.

याला औषधाच्या अतिवापरानं होणारी डोकेदुखी म्हणतात. ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांनाच ती जास्त गाठते. हिशेब असा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि कॅफिन मिसळलेल्या, एर्गोटामाइनच्या, ट्रिप्टान गटातल्या किंवा अफूवर्गीय गोळ्या महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ चाललं की धोका. दिवस मोजायचे, गोळ्या नव्हे. एका दिवसात दोन घेतल्या तरी तो एकच दिवस.

मग चक्र सुरू होतं. गोळी उतरली की डोकं चढतं, म्हणून परत गोळी. सकाळी उठतानाच डोकं जड. पर्समध्ये पान, गाडीच्या डिकीत पान, देवघराच्या फळीवर पान. त्या तासगावच्या बाईला मी विचारलं, महिन्यात वेदनेची गोळी किती दिवस लागते? म्हणाली, "कोण मोजतंय? चहासंगं घेतो." चहाबरोबर! म्हणजे रोजच.

यावर एक आक्षेप हमखास येतो: रोजच्या गोळीनं किडनी खराब होते म्हणतात. गंमत अशी की हे बोलणारी माणसं आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मुठीमुठीनं खात असतात, आणि किडनीला व जठराला दीर्घकाळ घेतल्यावर त्रास देणारा गट नेमका तोच आहे. रोजची प्रतिबंधक गोळी सुरू होऊन वेदनाशामक सुटले, तर बहुतेकांच्या किडनीचा फायदाच होतो.

वेदनेची गोळी वाईट नाही. झटका आला तर ती घ्यायचीच, आणि लवकर घ्यायची, पोट थंडावायच्या आत. ट्रिप्टान गटातल्या गोळ्या तर खास मायग्रेनच्या झटक्यासाठीच आहेत, फक्त हृदयविकार असलेल्यांना त्या चालत नाहीत. पण होड्या रोज लागत असतील, तर दुरुस्ती धरणाची करायची असते.

## मग ही गोळी कुणाला?

सगळ्यांना नाही. महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, किंवा दिवस कमी असले तरी प्रत्येक झटक्याला माणूस दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळत असेल, किंवा वेदनेच्या गोळ्या लागू पडत नसतील, चालत नसतील, तर डॉक्टर प्रतिबंधक औषधाचा विचार करतात. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, त्यातले निदान 8 दिवस अर्धशिशीचे आहेत आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर त्याला जुनाट मायग्रेन म्हणतात. तिथं विचार करत बसायला जागाच नाही.

वर्षातून चारदा दुखणाऱ्यानं मात्र रोज गोळी खाऊ नये. चार पावसांसाठी बारा महिने विसर्ग कशाला?

## बीपीची, फिटची, मनाची

आता त्या बाईच्या प्रश्नाकडं. अर्धशिशीला वापरली जाणारी जुनी औषधं जवळजवळ सगळी दुसऱ्याच आजारांसाठी निघाली आणि त्यांचा हा गुण अपघातानं कळला.

प्रोप्रॅनोलॉलचं उदाहरण घ्या. सर जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात ते हृदयासाठी शोधलं, पुढं 1988 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. छातीत दुखणाऱ्या रुग्णांना ते देऊन बघत असताना ज्यांना अर्धशिशी होती त्यांचं डोकं दुखायचं थांबलं, आणि 1966 मध्ये हे नोंदवलं गेलं. म्हणजे बीपी नसताना बीपीची गोळी ही तेव्हापासूनची जुनी गोष्ट आहे. मी दोन वर्षं घेतली ती हीच. माझे झटके महिन्याला सात-आठवरून दोन-तीनवर आले. त्याची किंमतही मोजली: बोटं गार पडायची, आणि दंडोबाच्या डोंगरावर नेहमीच्या निम्म्या वाटेतच धाप लागायची. नाडी हळू चालते, हृदय धावायला तयार नसतं, त्याचा हा परिणाम.

फिटच्या गोळीचं तत्त्व तर सरळ आहे. फिटमध्ये मेंदूच्या पेशी वाजवीपेक्षा जास्त चेकाळतात. अर्धशिशीतही पेशी चटकन उत्तेजित होतात, प्रकार वेगळा असला तरी. पेशींना शांत ठेवणारं औषध दोन्हीकडं कामी येतं. त्या बाईच्या चिठ्ठीवर टोपिरामेट होतं. अमेरिकेत मायग्रेन टाळण्यासाठी त्याला 2004 मध्ये मान्यता मिळाली. याच गटातलं दुसरं म्हणजे व्हॅल्प्रोएट.

अमिट्रिप्टिलीन 1961 पासून नैराश्यासाठी बाजारात आहे. अर्धशिशीला ते नैराश्याच्या मानानं फार थोडं लागतं, अनेकदा रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरुवात होते. इतक्या कमी डोसला ते मनावर नाही, वेदनेच्या वाटांवर काम करतं. तेव्हा ती गोळी लिहिली म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला मानसिक ठरवलं असं समजू नका. (आणि नैराश्य असलं तरी त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण तो राग दुसऱ्या दिवसासाठी ठेवते.) झोप नीट लागत नाही अशांना ही गोळी बरी पडते. तोंडाला कोरड पडते, वजन वाढू शकतं, सकाळी सुस्ती राहते.

आपल्याकडं फ्लुनारिझिनही बरंच चालतं, एकटं किंवा प्रोप्रॅनोलॉलबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये. रात्री घ्यायचं. गुणकारी आहे, पण झोप आणते, वजन वाढवते. मन उदास व्हायला लागलं, हात थरथरायला लागले किंवा हालचाली मंद झाल्या तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. हे परिणाम वयस्कर माणसांत जास्त दिसतात. चिठ्ठी संपली तरी तीच कॅप्सूल वर्षानुवर्षं घेत राहणारी माणसं मी बघितली आहेत. तसं करू नये.

## डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी

ओपीडीत गर्दी असते, सगळं विचारलं जाईलच असं नाही. म्हणून आपणहून सांगायचं.

दमा असेल किंवा लहानपणी होता, तर तोंड उघडून सांगा. प्रोप्रॅनोलॉलनं श्वासनलिका आवळू शकतात, दम्याच्या माणसाला ते देत नाहीत. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. साखर खाली गेली की धडधड आणि थरथर होऊन जी सूचना मिळते ती या गोळीनं दबते. घाम मात्र येतो, तेवढी खूण ध्यानात ठेवा.

बायकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं: दिवस राहण्याची शक्यता आहे का? व्हॅल्प्रोएटनं गर्भात गंभीर दोष होतात आणि मुलाच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईला मायग्रेनसाठी ते देऊच नये असं आता मानतात. टोपिरामेटनंही धोका असतो, बाळाचे ओठ-टाळू दुभंगलेले असू शकतात. म्हणून मी त्या बाईला आधी तेच विचारलं. ती हसली. "दोन पोरांवर आपरेशन झालंय ताई, धा वर्सं झाली." मग हरकत नाही. पण हा प्रश्न काउंटरवर माझ्या तोंडून पहिल्यांदा निघावा हे काही बरोबर नाही. लग्न ठरलेल्या, नुकतं लग्न झालेल्या मुलींनी तर चिठ्ठी हातात घ्यायच्या आधीच सांगावं, लाज बाजूला ठेवून. दिवस राहिल्यावर कळलं तर घाबरून आपल्या मनानं गोळी तोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

किडनी स्टोन होऊन गेला असेल किंवा काचबिंदू असेल तर टोपिरामेटच्या आधी सांगायचं. ही गोळी चालू असताना पाणी भरपूर प्यायचं. बोटांना मुंग्या येतात, भूक कमी होते, वजन उतरतं, सोड्याची चव बेचव लागते. काहींना शब्द सापडत नाहीत, जिभेवर येतो आणि अडतो. डोळा एकदम लाल होऊन दुखला आणि अंधुक दिसायला लागलं तर मात्र थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

## आठ दिवस घेतली, फरक नाही

ही तक्रार मी सगळ्यांत जास्त ऐकते. बहुतेक लोक गोळी सोडतात ती इथंच, तिसऱ्या आठवड्यात. त्रास पहिल्या दिवसापासून दिसतात आणि गुण दिसायला वेळ लागतो, त्यामुळं हिशेब तोट्याचा वाटतो. साधारण नियम असा की डोस हळूहळू वाढवत योग्य पातळीवर नेला, की तिथून पुढं आठ ते बारा आठवडे बघायचं. टोपिरामेट तर आठवड्याला 25 मिलिग्रॅम असं चढवत नेतात. घाई केली की मुंग्या आणि विसराळूपणा जास्त.

आणि अपेक्षा काय ठेवायची? डोकेदुखी शून्यावर येणं हे ध्येय नव्हे. दुखण्याचे दिवस निम्मे झाले तर गोळी लागू पडली असं धरतात. एका औषधानं एवढा गुण साधारण 10 पैकी 4-5 जणांना येतो. चाचण्यांमध्ये नुसती साखरेची गोळी दिलेल्यांपैकीही 10 मागं दोघांना तसा गुण येतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. एक लागू नाही पडली तर दुसऱ्या गटातली लागू पडू शकते.

हे कळायला मोजणी पाहिजे. माणसाची आठवण विश्वासाची नाही. कालच झटका येऊन गेला असेल तर "काहीच फरक नाही" असंच वाटतं. मोबाइलवर ॲप आहेत, पण मी सांगते ते सोपं आहे: भिंतीवरच्या कॅलेंडरात दुखलेल्या तारखेला गोल, वेदनेची गोळी घेतली त्या तारखेला फुली. पाळीची तारीख तशीही बऱ्याच जणी तिथंच लिहितात. महिन्याच्या शेवटी गोल मोजायचे आणि फुल्या मोजायच्या. डॉक्टरांपुढं दहा मिनिटं बोलून जे कळत नाही ते त्या एका पानावर दिसतं.

## सवय लागली तर?

दारूची किंवा झोपेच्या गोळीची लागते तशी सवय या औषधांची लागत नाही. डोस वाढवावा अशी ओढ लागत नाही. पण एकदम तोडायची नाहीत, ही गोष्ट वेगळी. प्रोप्रॅनोलॉल अचानक थांबवलं तर हृदय एकदम जोरात धडधडू लागतं, ज्यांना हृदयविकार आहे त्यांना ते धोक्याचं. फिटची आणि नैराश्याची औषधंही पायरीपायरीनंच उतरवतात.

आणि आयुष्यभर घ्यावी लागत नाहीत. चांगला गुण आला की सहा महिने ते वर्षभर चालवतात, मग हळूहळू कमी करून बघतात. अनेकांची पातळी त्यानंतरही खालीच राहते. काहींची परत चढते, त्यांना परत सुरू करतात. माझी बंद होऊन आता चार वर्षं झाली. झटका येतो अधूनमधून, पण महिन्याला एखादा.

## महागडी इंजेक्शनं खरंच भारी आहेत का?

मघाच्या सीजीआरपीकडं येऊ. हे रसायन मायग्रेनच्या लोकांच्या शिरेतून सोडलं तर त्यांच्यातल्या अनेकांना झटका येतो, असं दिसलं. मग तर्क सरळ होता: ते अडवलं तर? या शोधासाठी एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चौघांना 2021 चा ब्रेन प्राइझ मिळाला. 2018 मध्ये अमेरिकेत एरेनुमॅब हे या तऱ्हेचं पहिलं इंजेक्शन मंजूर झालं, महिन्याला एक, कातडीखाली. पाठोपाठ आणखी आली, आणि आता याच वाटेवरच्या गोळ्याही आहेत. अर्धशिशी टाळायची म्हणून मुद्दाम घडवलेली ही औषधं. उसनी आणलेली नव्हेत.

त्यांचा मोठा गुण म्हणजे सुस्ती, वजनवाढ, विसराळूपणा हे प्रकार फारसे होत नाहीत. बद्धकोष्ठ किंवा टोचलेल्या जागी दुखणं एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण जुन्यांपेक्षा ती फार जास्त गुणकारी आहेत का, यावर खुद्द अमेरिकेतले डॉक्टरच एकमताचे नाहीत. तिथल्या डोकेदुखीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2024 मध्ये सांगितलं की ही सुरुवातीलाच द्यायला हरकत नाही. 2025 मध्ये तिथल्याच फिजिशियनांच्या कॉलेजनं उलट सल्ला दिला: आधी प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन अशी जुनी स्वस्त औषधं वापरून बघा, गुणात मोठा फरक दिसत नाही आणि किमतीत जमीन-अस्मानाचा आहे.

माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. बेदाणा निवडून मिळणाऱ्या मजुरीत महिन्याला हजारोंचं इंजेक्शन बसत नाही. जुनी गोळी जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्तात मिळते. दोन-तीन जुनी औषधं पुरेसा वेळ देऊन वापरली आणि गुण आला नाही, किंवा सोसली नाहीत, तर नवीन औषधांबद्दल मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर विचारा. त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही, मिरज आपल्या उशाशी आहे. जुनाट मायग्रेनला बोटॉक्सही देतात: दर 12 आठवड्यांनी कपाळ, डोकं, मानेवर मिळून 31 ठिकाणी. सुरकुत्यांसाठी ते घेणाऱ्यांचं डोकं दुखायचं कमी झालं, तिथून हे कळलं. परत अपघातच.

## जिलबी, लेप आणि उपवास

सूर्योदयाआधी गरम जिलबी-दूध हा आमच्या आजीचा इलाज. अर्धशिशी जाते याला पुरावा नाही, पण रात्रभर रिकाम्या असलेल्या पोटात पहाटे काहीतरी जातं हे नाकारता येत नाही, आणि उपाशीपण हा झटक्याचा मोठा पाऊस आहे. जिलबीपेक्षा भाकरी बरी एवढंच. सुंठीचा लेप, कपाळाला आवळून बांधलेलं फडकं, अंधारी खोली, यानं आराम पडत असेल तर खुशाल करा.

कडक उपवास मात्र अर्धशिशीच्या माणसाला झेपत नाही. नवरात्रात माझ्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या जास्त खपतात हे मी बिलबुकावरून सांगते. करायचाच तर वेळेवर खा, पाणी प्या. रोज ठरल्या वेळी झोपणं, उठणं, जेवणं ही गोळीइतकीच पातळी खाली ठेवणारी गोष्ट आहे. फक्त ती बाटलीत मिळत नाही.

## ही डोकेदुखी वेगळी

काही दुखण्यांत यातलं काहीच लागू नाही. वीज कडाडावी तशी क्षणात शिगेला गेलेली डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं, गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं: इथं मेडिकलच्या काउंटरवर येऊ नका, थेट दवाखान्यात जा.

कार्तिकात ती बाई परत आली. पिशवीतून कॅलेंडरची फाडलेली तीन पानं काढली, तेलाचा डाग पडलेली. पहिल्या पानावर मी चौदा गोल मोजले, दुसऱ्यावर नऊ, तिसऱ्यावर पाच. फुल्या तीनच. बोटांना मुंग्या येत्यात, म्हणाली, निवडताना बेदाणा हाताला कळत नाही कधी कधी. मी म्हटलं, हे डॉक्टरांना सांग, डोस बघतील.

"मग आता बंद केली तर चालंल?"

"अजून निदान शिमग्यापर्यंत तरी नाही. पुढचं ते सांगतील तसं."

तिनं पदराची गाठ सोडली. "मग शिमग्यापतूरच्या एकदमच द्या की ताई, हेलपाटा वाचंल."

म्हटलं, बाई, चिठ्ठी एका महिन्याची आहे.